पुढचं डावं चाक

सत्तावीस वर्षांत तिने बसवलेलं एकही चाक निघालं नव्हतं. हे ती स्वतः कुणाला सांगत नसे. उताराच्या पायथ्याशी असलेल्या त्या टायरच्या दुकानात जो येई, तो हे ऐकूनच येई.

कमरेला स्टीलची टेप, कानामागे टायरवर लिहायचा पिवळा खडू, आणि बोलण्यात नेहमी एखादं माप. लोक तिला समोर ‘ताई’ म्हणत आणि पाठ फिरली की ‘मोजपट्टी’. तिला दोन्ही ठाऊक होतं आणि कुठल्याचंच वाईट वाटत नव्हतं. काम ती वडिलांकडून शिकली होती. ते ट्रकच्या डेपोत टायर बसवायचे. दुकान मात्र नवऱ्याचं. तो पंक्चर काढायचा, हवा भरायचा आणि गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचा. तो बोलायचा, ती मोजायची. संसारही साधारण तसाच चालला होता. “आम्ही पहिल्यांदा भेटलो,” तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, “तेव्हा हिने आधी माझ्या मोटारसायकलच्या टायरकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.” त्यावर ती म्हणे, “टायर बरा होता.”

मोठ्या गाड्यांना आणखी मोठी चाकं लावायची हौस गावात आली, तेव्हा इतर दुकानदारांची चंगळ झाली. तिने मात्र निम्मी गिऱ्हाइकं परत पाठवली. “गाडी म्हणजे सदरा नव्हे, एक माप मोठा घेतला तरी चालेल असा,” ती सांगे. चाक मोठं झालं की ते वळताना आतल्या बाजूला घासतं, ब्रेकला जड पडतं, गाडीचा काटा ऐंशी दाखवतो तेव्हा गाडी खरं तर त्याहून जोरात धावत असते. रिम किती आत बसते, किती बाहेर येते, टायरवर कोरलेला भाराचा आकडा गाडीच्या वजनाला पुरतो का, नटाचं तोंड आणि रिमच्या भोकाची बैठक एकमेकांना जुळतात का, हे सगळं पाहिल्याशिवाय ती जॅकला हात लावत नसे. गिऱ्हाईक रागावून गेलं तर जाऊ दे, असं तिचं म्हणणं. त्यातली बरीचशी परतही येत.

अशी ही बाई. आणि तिची धाकटी नणंद जनावरांची डॉक्टर.

डॉक्टरीणबाईंचा दवाखाना उताराच्या वरच्या टोकाला होता, पण अर्धा दिवस त्या गाडीतच असायच्या. गाभण गाई, लंगडणारे घोडे, दगडखाणीजवळची वस्ती, ओढ्यापलीकडचे गोठे. एकदा वाटेतल्या एका दगडाने गाडीचं पोट फाडलं, तेव्हा त्या वहिनीकडे आल्या.

“वहिनी, गाडी जरा उंच करायचीय. मोठी चाकं बघितलीत मी.”

“कुठे बघितलीस?”

नणंदेने फोनवर फोटो दाखवला. चकचकीत रिम आणि त्यावर पट्टीसारखं पातळ रबर.

“ही लग्नाच्या वरातीला ठीक आहेत,” मोजपट्टी म्हणाली. “दगडावर गेलीस की पहिल्याच दिवशी रिम वाकेल. तुला रबर जास्त हवं, रिम नव्हे. आणि तुझ्या गाडीत औषधांच्या पेट्या, पाण्याचे कॅन, कधीकधी वासरू. हा टायर एवढा भार घेणार नाही.”

दुसऱ्या वेळी नणंद शहाणपणाने आली. तिच्या ओळखीच्या एका डॉक्टरने जुनी गाडी मोडीत काढली होती. त्या गाडीच्या रिमा नणंदेने घेतल्या, रंगवून काळ्याभोर करून घेतल्या आणि वर नवे टायर आणले. मोजपट्टीने सगळं तपासलं. नटांची भोकं जुळत होती. मधलं भोक, चाक ज्यावर बसतं त्या हबपेक्षा थोडं मोठं होतं, म्हणून तिने फट भरायला मापाची रिंग आणवली. भाराचा आकडा हवा त्याहून एक पायरी वरच होता. चाकाची पूर्ण उंची जुन्यापेक्षा अगदी थोडी जास्त भरली, तेवढी चालण्यासारखी होती. नट निमुळत्या तोंडाचे, रिमची बैठकही तशीच. पुढचं एक चाक तात्पुरतं चढवून तिने स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पार फिरवून पाहिलं. दुसऱ्या चाकाखाली लाकडी ठोकळा सरकवून गाडी तिरकी केली आणि पुन्हा फिरवून पाहिलं. कुठे घासलं नाही. आत दोन बोटं सहज जात होती.

तोवर तिच्या मनात काही शंका नव्हती. मग तिने रिमा उलट्या केल्या.

रंगाऱ्याने मागची बाजूही रंगवली होती. जिथे रिम हबला चिकटून बसते ती सपाट जागा, आणि नट जिथे टेकतात त्या बैठकाही. तीन रिमांवर रंगाचा हात पातळ होता. चौथी पूर्वी कुठेतरी दगडाला घासलेली असावी, कारण तिचे ओरखडे लांबीच्या लेपाने बुजवून वर रंगाचे दोन-तीन हात मारलेले होते. नखाने दाबलं तर किंचित दबेल इतका रंग. तिला हे माहीत होतं. वडिलांनी तिला दहाव्या वर्षी सांगितलं होतं की लोखंडाला लोखंडच लागलं पाहिजे. मध्ये रंग आला तर तो दबत जातो, आणि तो दबला की कसलेला नट सैल पडतो.

तिने घड्याळ पाहिलं. बाहेर तीन गाड्या थांबल्या होत्या. रंग खरवडायचा म्हणजे तास गेला असता. आणि तसंही नवी चाकं बसवल्यावर शंभर किलोमीटरच्या आत परत येऊन नट पुन्हा कसून घ्यायचेच असतात. तेव्हा जेवढा दबायचा तेवढा रंग दबलेला असेल, आपण पुन्हा आवळू, असा तिने हिशेब केला. मग हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढला, नट आडव्या-उभ्या क्रमाने आवळले, गाडी खाली घेऊन, ठरलेला ताण आला की टक्क वाजणाऱ्या मापाच्या पान्याने शेवटचा ताण दिला. प्रत्येक टायरच्या आतल्या बाजूला पिवळ्या खडूने खूण केली. पुढचं डावं ते ‘पु. डा.’ तेच चौथ्या रिमचं चाक होतं.

“परवा ये,” ती नणंदेला म्हणाली. “कंटाळा करू नकोस. पुन्हा कसायचे आहेत.”

हा सोमवार होता.

बुधवारी दुपारी नणंद ठरल्याप्रमाणे आली. दुकानात एक मालवाहू गाडी जॅकवर होती, दुसरी रस्त्यात उभी होती आणि तिचा ड्रायव्हर दर पाच मिनिटांनी हॉर्न देत होता. मोजपट्टीने मान वर करून पाहिलं. गिऱ्हाईक असतं तर तिने त्याला स्टूल दिलं असतं. पण ही घरची. घरच्या माणसाला थांबवलं तरी ते कुठे जाणार?

“आज नाही जमणार गं. उद्या ये.”

“बरं. स्टिअरिंग जरा थरथरतंय का गं, मला वाटतंय की काय कोण जाणे.”

“नवीन टायर आहेत, सुरुवातीला वाटतं तसं. उद्या बघते ना.”

गुरुवारी नणंदेला पहाटेच एका गोठ्यातून बोलावणं आलं आणि सगळा दिवस तिकडेच गेला. शुक्रवारी सकाळी ती वडिलांना डोळे तपासायला घेऊन निघाली. हे तिचे वडील म्हणजे मोजपट्टीचे सासरे. निवृत्त बस कंडक्टर. पुढच्या सीटवर बसल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, कारण आयुष्यभर ते मागे उभे होते.

साडेदहा वाजले असतील. मोजपट्टी एका रिमवर तोलासाठी लावलेली जुनी शिशाची वजनं काढत होती. आधी तिला आवाज ऐकू आला. वरून, उतारावरून, पत्रा ओढत नेल्यासारखा कर्कश. मग कुणीतरी ओरडलं. ती वळली.

रस्त्याच्या मधोमध एक चाक एकटंच खाली येत होतं.

ते पडत नव्हतं, डुगडुगत नव्हतं. सरळ, शांत, जणू कुणी चालवतंय अशा ऐटीत येत होतं, आणि प्रत्येक क्षणाला जोर धरत होतं. सायकलवरचा एक माणूस बाजूला झाला. चाक दुकानासमोरच्या खड्ड्यावर आपटलं आणि छातीएवढं उंच उडालं. पुढच्या क्षणी ते समोरच्या शिंप्याच्या दुकानात घुसलं. लाकूड फुटल्याचा आवाज झाला. मग काही नाही.

शिंपीकाका आत भिंतीपाशी एका गिऱ्हाइकाच्या खांद्याचं माप घेत उभे होते. मिनिटभरापूर्वी ते शिलाई मशीनवर होते. आता मशीनच्या टेबलाचे दोन तुकडे झाले होते, मशीन आडवं पडलं होतं आणि ज्या स्टुलावर ते रोज बसत, त्याचे पाय वर होते. शिंपीकाकांच्या हातात टेप तशीच ताणलेली होती. गिऱ्हाइकाने हात पसरलेले तसेच ठेवले होते. दोघंही हलत नव्हते.

मोजपट्टी रस्ता ओलांडून आत गेली. चाक कापडाच्या ठाणावर आडवं पडलं होतं, आतली बाजू वर करून. काळी रिम. टायरवर अर्धवट पुसलेली पिवळी अक्षरं. पु. डा.

तिने ती वाचली. पुन्हा वाचली. आपलं अक्षर आपण ओळखतो तरी काही वेळ ते दुसऱ्या कुणाचं असावं असं वाटत राहतं, तसं तिला झालं. तिच्या कानात एकसारखा बारीक आवाज यायला लागला. शिंपीकाका काहीतरी म्हणत होते, ते तिला दिसत होतं पण ऐकू येत नव्हतं. मग एकदम सगळं ऐकू आलं आणि ती पळत सुटली.

चढावर अर्ध्या वाटेत गाडी तिरकी उभी होती. पुढचा डावा कोपरा जमिनीला टेकलेला. रस्त्यावर उघड्या हबने ओढलेली पांढरी रेघ वीसेक पावलं लांब. नणंद बाहेर उभी होती, दोन्ही हात गाडीच्या टपावर ठेवून, जणू गाडीच घसरून जाईल. सासरे आत बसले होते. डावा हात उजव्या हाताने छातीशी धरलेला.

“बाबा.”

“सूनबाई, मी ठीक आहे,” ते म्हणाले. “हात समोरच्या फळीवर आपटला. मोडला असेल. पण ते चाक माझ्या खिडकीशेजारून पुढे गेलं गं. मी म्हटलं, हे कुणाचं चाक आपल्या पुढे चाललंय.”

ते हे हसत सांगत होते.

नवरा धापा टाकत मागून पोहोचला. वाहतूक हवालदार आला. माणसं जमली. नवऱ्याने गाडीखाली वाकून पाहिलं. नट ज्यांवर फिरतात त्या पाच स्टडांपैकी दोन मोडले होते, उरलेल्यांचे आटे घासून गेले होते. नट कुठेच नव्हते. तो उठला आणि त्याच्या तोंडून आपोआप निघालं, “नट चोरले कुणीतरी. हल्ली चोरतात. दुसरं काय होणार? चाक हिने बसवलंय.”

जमलेल्यांतल्या चौघांनी माना डोलावल्या. एकजण म्हणाला, मोजपट्टीचं चाक निघेल कसं. हवालदाराने वहीत लिहायला सुरुवात केली. मग त्याने नणंदेला विचारलं, “नवी चाकं आहेत म्हणता. बसवल्यावर परत कसून घेतली होती?”

मोजपट्टीने नणंदेकडे पाहिलं. नणंदेने तिच्याकडे पाहिलं नाही.

“नाही,” ती म्हणाली. “वहिनीने बजावून सांगितलं होतं. मीच परत गेले नाही.”

हा दुसरा धक्का पहिल्यापेक्षा मोठा होता. चाक समजण्यासारखं होतं, हे समजण्यासारखं नव्हतं. मोजपट्टीला सांगायचं होतं. ती आली होती. मीच परत पाठवली. दोन वाक्यांची गोष्ट. पण तिने ते सांगितलं नाही. हवालदाराने लिहिलं, वही मिटली. कुणीतरी सासऱ्यांना उतरायला हात दिला. नवरा त्यांना घेऊन दवाखान्यात गेला. आणि ती तिथेच, रस्त्यावरच्या पांढऱ्या रेघेपाशी उभी राहिली.

खाली आल्यावर तिने शिंप्याच्या दुकानातून चाक उचलून आणलं. एरवी असं चाक ती गुडघ्याने रेटून सहज उचले. आज तिला दोनदा खाली ठेवावं लागलं. दुकानात पालथं घालून तिने त्यावर दिवा धरला. हबला टेकणाऱ्या जागेवरचा रंग साल निघावी तसा वर आला होता. नटांच्या बैठकांत काळ्या रंगाचा भुगा होता, आणि पाचही भोकं हलून हलून लांबट झाली होती. नट चोरणारा नट काढून नेतो. तो भोकं लांबवत बसत नाही. हे नट तिथेच होते, सोमवारपासून, थोडे थोडे सैल होत.

गिऱ्हाईक आलं, तिने ऐकलं नाही, ते गेलं.

संध्याकाळी घरी सासऱ्यांच्या हाताला प्लास्टर होतं. नणंद आली होती. नवरा चहा करत होता आणि शेजाऱ्याला फोनवर नटचोरांबद्दल सांगत होता. मोजपट्टी आत आली आणि चप्पल न काढताच बोलली.

“नट कुणी चोरले नाहीत.”

नवऱ्याने फोन कानापासून बाजूला घेतला.

“रिमला मागून रंग होता. मी पाहिला होता. खरवडायला हवा होता, नाही खरवडला. आणि ही बुधवारी आली होती. स्टिअरिंग थरथरतंय म्हणाली. मी हिला उद्या ये म्हटलं.”

चहा उतू गेला, नवऱ्याने शेगडी बंद केली. तो तिच्याकडे असा पाहत होता, जणू घरात कुणी अनोळखी बाई शिरली आहे.

“अगं, पण तू,” तो म्हणाला.

“हो. मीच.”

सासरे खाटेवर बसले होते. त्यांनी प्लास्टरचा हात मांडीवर नीट ठेवला. “मी तीस वर्षं बसमध्ये घंटी मारली,” ते म्हणाले. “एकदा एक बाई उतरत असताना मारली. पायरीवर पाय होता तिचा. मी पाहिलं होतं, आणि तरी मारली. का, ते मला आजही सांगता येणार नाही. घाई होती म्हणून असेल. बाई वाचली. पण मी ते कुणाला सांगितलं नाही, साहेबांना नाही, सासूबाईंना तुझ्या नाही. आज पहिल्यांदा सांगतोय.”

मग नणंद बोलली. “वहिनी, मी मुद्दाम खोटं बोलले. सगळी माणसं बघत होती. एवढ्या वर्षांचं तुझं नाव.”

“माझ्यासाठी खोटं बोलू नकोस,” मोजपट्टी म्हणाली. तिचा आवाज चढला होता, आणि तो तिला स्वतःलाच ओळखू येईना. “तू मेली असतीस. बाबा मेले असते. शिंपीकाका मेले असते, ते तर गाडीतही नव्हते. आणि माझं नाव राहिलं असतं? कशाला?”

नणंदेने डोळे पुसले. मग बाबांच्या औषधाची वेळ झाली म्हणून सगळे उठले.

सकाळी मोजपट्टी चौकीत गेली आणि हवालदाराला सगळं सांगितलं. त्याने दोनदा विचारलं की नक्की असंच लिहायचं ना. “इथे लोक आपली चूक कमी करायला येतात,” तो म्हणाला. “वाढवायला कुणी येत नाही.” तिने सही केली. तिथून ती शिंपीकाकांकडे गेली आणि त्यांनाही सांगितलं. ते ऐकत राहिले. त्यांनी तिला माफ केलं नाही, निदान त्या दिवशी तरी नाही. “ताई, मी रात्रभर जागा होतो,” एवढंच ते म्हणाले. “तो माणूस खांद्याचं माप द्यायला आला नसता तर.” त्यांनी मशीन दुसऱ्या भिंतीला हलवलं होतं, रस्त्यापासून दूर. नवं टेबल बनवून देते असं ती म्हणाली. त्यांनी मान हलवली, होकार की नकार ते कळलं नाही. टेबल तिने नंतर बनवून दिलं, आणि ते त्यांनी घेतलं.

रस्ता ओलांडून परत येताना ती मध्येच थांबली. रंगवलेल्या रिमा. ती फक्त नणंदेची गाडी नव्हती.

ती दुकानाच्या पायरीवर बसली आणि आठवायला लागली. गेल्या दोन महिन्यांत रंगवून आणलेल्या रिमा आणखी कुणाच्या होत्या? एका बांधकाम ठेकेदाराची गाडी. एका गायन शिकवणाऱ्या बाईंची. आणि तिसरी. तिसरी आठवली तेव्हा तिने तोंडावर हात ठेवला. शाळेची मुलं नेणारा ड्रायव्हर. नऊ आसनी उंच गाडी, पावसाळ्यात पाण्यातून जावी लागते म्हणून मोठी चाकं. त्याच रंगाऱ्याकडची काळी रिम. तोही परत येतो म्हणाला होता. तो आला नव्हता, आणि तिने त्याला फोन केला नव्हता.

तिने तिघांनाही फोन लावले. ठेकेदार वैतागला, पण आला. त्याचे नट जिथल्या तिथे होते. गायनाच्या बाई आल्या. एका चाकाचे नट पाव वळसा जास्त फिरले, एवढंच. शाळेच्या ड्रायव्हरने फोन उचलला नाही. शनिवार होता, शाळा साडेअकराला सुटायची. अकरा वाजत आले होते.

हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन ती नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून शाळेत गेली. फाटकाबाहेर गाड्या ओळीने उभ्या होत्या. ड्रायव्हर गाडीला टेकून वर्तमानपत्र वाचत होता. ती खाली उतरली, बोलण्यात वेळ न घालवता पुढच्या चाकापाशी वाकली आणि नटाला हात लावला. घट्ट होता. दुसऱ्या बाजूला गेली. घट्ट. मागचं उजवं, घट्ट. मागच्या डाव्या चाकाच्या पहिल्या नटाला तिने दोन बोटांनी धरलं, आणि तो फिरला.

तिने तो फिरवतच नेला. तीन वळशांत तो तिच्या तळहातावर आला. दुसराही आला.

ड्रायव्हरने वर्तमानपत्र खाली ठेवलं. त्याने तिच्या हातातले ते दोन नट पाहिले आणि मग चाक पाहिलं. पन्नाशीचा, जाडसर, एरवी थट्टेखोर माणूस. त्याचा चेहरा हळूहळू पांढरा पडला.

“सकाळी मी पुलावरून आलो,” तो म्हणाला. “भरलेली गाडी घेऊन.”

“मला ठाऊक नव्हतं,” ती म्हणाली. “म्हणजे ठाऊक होतं. रंग पाहिला होता मी. तुम्हाला फोन करायला हवा होता.”

“बोटाने निघाला. बोटाने.” तो हे तीनदा म्हणाला. मग फुटपाथच्या कडेला बसला आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवले.

तेवढ्यात शाळेची घंटा झाली. पोरं धावत फाटकाबाहेर आली, दप्तरं उडवत, आणि रोजच्या सवयीने गाडीचं दार उघडून आत चढायला लागली. ड्रायव्हर ताडकन उठला. “खाली उतरा, सगळे खाली उतरा,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज असा काही निघाला की एकही पोर हुज्जत न घालता उतरलं. एका छोट्या मुलीने विचारलं, “काका, का?”

“चाक पुन्हा बसवायचंय,” मोजपट्टी तिला म्हणाली. “तासभर लागेल. तिथे झाडाखाली बसा.”

मुलांच्या घरी निरोप गेले. ड्रायव्हरने जॅक काढला. तिने एकेक करून चारही चाकं उतरवली, रिमा उलट्या केल्या आणि घासकागदाने, चाकूने, तारेच्या ब्रशने रंग खरवडला, चकचकीत लोखंड दिसेपर्यंत. मागच्या डाव्या चाकाचे स्टड तिने एकेक तपासले. आटे शाबूत होते. ते चाक चढवताना नट दोनदा तिरका लागला. दोन्ही वेळा तिने तो काढून पहिल्यापासून लावला. शेवटी मापाच्या पान्याने ताण देताना तिने नवऱ्याला हाक मारली. “तुम्हीही तपासा. प्रत्येक नट. माझ्यावर विसंबू नका.”

तो चकित झाला. सत्तावीस वर्षांत तिने हे कधी म्हटलं नव्हतं. पण त्याने पाना घेतला आणि वीसही नटांवर एकेक करून ताण दिला, आणि प्रत्येक वेळी पान्याने टक्क आवाज केला की तो ‘बरोबर’ म्हणाला. झाडाखालची मुलं थोड्या वेळाने त्याच्याबरोबर मोजायला लागली. वीस झाल्यावर त्यांना वाटलं अजून हवेत.

गाडी गेल्यावर ती फुटपाथवर बसून रडली. नवरा शेजारी उभा राहिला. लोक बघत होते, त्याने त्यांच्याकडे पाठ केली आणि तिच्या आणि त्यांच्या मध्ये उभा राहिला.

पुढच्या आठवड्यात नणंदेची गाडी नवे स्टड आणि नवी रिम लावून परत आली. गिऱ्हाइकं काही कमी झाली होती. जी आली, त्यांतल्या काहींनी चाकं बसवून झाल्यावर स्वतःच वाकून नट चाचपले. तिने कुणाला अडवलं नाही. नणंदेने विचारलं, “थांबू ना, गर्दी आहे?” तेव्हा मोजपट्टीने रस्त्यावर हॉर्न देणाऱ्या ड्रायव्हरला हात करून थांबायला सांगितलं आणि नणंदेची गाडी आत घेतली. सासरे पुढच्या सीटवरून उतरले, प्लास्टरचा हात सांभाळत. त्यांनी दुकानातलं एक स्टूल जॅकपासून दूर, दाराशी मांडलं आणि काम संपेपर्यंत तिथेच बसून राहिले.